डोंगर फोडणारे कुरोदासान

कुरोदासानांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी मला फेकून मारलेल्या हेल्मेटमुळे. हेल्मेट खांद्यावर बसलं. नेम डोक्याचा होता, हे मला नंतर त्यांनीच सांगितलं.

साल सत्त्याण्णव. खोर फक्कानच्या मागच्या डोंगरात आमच्या कंपनीची दगडखाण होती. समुद्रात बांध घालायला लागणारे मोठमोठे धोंडे तिथून निघायचे आणि ट्रेलरवर लादून खाली किनाऱ्याकडे जायचे. मी नवा सर्व्हेअर. मूळचा देवरुखकडचा, दुबईत दोन वर्षं काढून आलेला. ऑगस्टचं ऊन होतं. त्या काळ्या-तांबूस डोंगरात हिरवी काडी दिसेना. आणि खाणीच्या वरच्या अंगाला एका वळणावर अचानक एक बोरीचं झाड. जुनं, बुंधा माझ्या कवेत मावला नसता असं. मुळाशी कातळातून पाणी झिरपत होतं आणि त्याचं परातीएवढं डबकं साचलं होतं. माझे पाय बुटात भाजून निघाले होते. मी बुटासकट एक पाय पाण्यात घातला.

"बूट! बूट! बूट!"

हेल्मेटच्या मागोमाग माणूस आला. बुटका, चौकोनी, पंचावन्नच्या पुढचा, डावा कान अर्धा नसलेला. त्याने माझी कॉलर धरून मला पाण्यापासून फरपटत लांब नेलं, खाली बसवलं आणि बूट काढायला लावले. मग स्वतः गुडघ्यावर बसून ओंजळीने गढूळ पाणी उपसू लागला. डबकं पुन्हा निवळायला पाऊण तास लागला असेल. तेवढा वेळ तो तिथून हलला नाही आणि मलाही त्याने हलू दिलं नाही. शेवटी हेल्मेट उचलून त्याने विचारलं,

"नाम?"

"सावंत."

"सावंतसान. चाय?"

खाणीतले सगळे सुरुंग कुरोदासान लावायचे. जपानी माणूस, पण पंचवीस वर्षं आखातात काढलेली, त्यामुळे साइटवरची मोडकी हिंदी उत्तम यायची. कामगार त्यांना करोडासाब म्हणत. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून ते बोलायचे ते ओरडूनच, आणि हात तर तोंडाच्या आधी चालायचा. कुणी काडतुसाच्या पेटीवर बसला, थप्पड. कुणी शिट्टी झाल्यावर रेंगाळला, पाठीत लाथ. एका ट्रेलरवाल्याने चहा करायला म्हणून बोरीची ओली फांदी तोडली, तर त्याच फांदीने त्याला इतकं झोडलं की काट्यांनी त्याचा शर्ट फाटला आणि पाठ रक्ताने भरली. तक्रारी वर जायच्या आणि तिथेच राहायच्या. कारण आठ टनांचे धोंडे हवेत म्हटलं की कुरोदासान आठ टनांचेच धोंडे पाडून द्यायचे. त्यांच्यासारखा डोंगर फोडणारा त्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता.

आणि हाच माणूस डोंगर फोडण्याआधी डोंगराच्या पाया पडायचा.

सुरुंग दुपारी उडवत. पोलिसांच्या पहाऱ्यात स्फोटकं यायची, भोकं भरली जायची, तारा जोडल्या जायच्या. सगळी माणसं लांब गेली की कुरोदासान एकटे त्या कड्यासमोर उभे राहायचे. बाटलीतल्या पाण्याने हात धुवायचे, चूळ भरायचे. एका सपाट दगडावर चिमूटभर मीठ, मूठभर तांदूळ आणि वाटीत पाणी ठेवायचे. दोनदा कमरेत वाकायचे, दोन टाळ्या वाजवायचे, पुन्हा एकदा वाकायचे. ड्रिलिंगवरचे पठाण मशीन सुरू करताना 'बिस्मिल्ला' म्हणायचे. ते म्हणून होईपर्यंत कुरोदासान सगळ्यांना थांबवून धरायचे. घाई केली तर मार.

मी एकदा विचारलं, "कुठल्या देवाला नमस्कार करता?"

"नाम मालूम नहीं."

"मग?"

त्यांनी डोंगराकडे, मग बोरीकडे बोट केलं. "इधर कोई रहता है. हम उसका घर तोड़ता. पूछना तो चाहिए."

त्यांच्या धर्माला एक पुस्तक नाही, एक मूर्ती नाही, एवढं मला हळूहळू कळलं. डोंगरात, जुन्या झाडात, धबधब्यात कुणीतरी असतं. ते रागावतं, प्रसन्न होतं. तिथे जाताना स्वच्छ व्हायचं. मेलेल्याचा, रक्ताचा विटाळ घेऊन जायचं नाही. खाणीवर कुणाला लागलं-खुपलं आणि रक्त सांडलं की कुरोदासान दोन-तीन दिवस बोरीकडे फिरकायचे नाहीत. दुरूनच बघायचे. मला यात काही नवल वाटलं नाही. आमच्या गावातही देवराई आहे. तिच्यातली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीत घालत नाही.

मी हे सांगितलं तेव्हा कुरोदासानांचा मदतनीस सदानंद गुरव शेजारीच तारा गुंडाळत बसला होता. सदानंद राजापूरकडचा, पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप. वर्षभरात त्यानेच कुरोदासानांचा सगळ्यात जास्त मार खाल्ला होता आणि त्यानेच त्यांच्याकडून सगळ्यात जास्त शिकून घेतलं होतं. तो खाली मान घालून म्हणाला, "आमची राय ऱ्हवली नाय आता. देवळाला स्लॅब घालायची म्हणून गावाने कंत्राटदाराला दिली. आम्ही तिचे गुरव. पण मजुरी चांगली होती. पयली कुऱ्हाड मीच घातली."

मी ते कुरोदासानांना हिंदीत सांगितलं. आता हा माणूस सदानंदला फोडून काढणार म्हणून मी उठून मध्ये उभा राहिलो. पण त्यांनी हात उचलला नाही.

"मैं भी," ते म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांना हळू आवाजात बोलताना ऐकलं.

मग तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. त्यांचं गाव डोंगरात. डोंगराच्या पायथ्याशी देऊळ, मागे जुनं जंगल. त्यांचे आजोबा त्या देवळाची झाडलोट करत. सरकारी रस्ता त्या डोंगरातून जायचा होता आणि कुरोदासान तेव्हा कंत्राटदाराकडे नव्याने लागलेले. पंचविशीतले, सुरुंगाचा परवाना असलेले. देवळामागचा डोंगर त्यांनीच सुरुंग लावून फोडला. "सबसे अच्छा शॉट. एकदम बराबर. गाँव का सब लोग देखने आया." त्या दिवशी घरी गेले तर वडिलांनी दार उघडलं नाही. चार दिवस ते ओट्यावर झोपले. पाचव्या दिवशी वडील बाहेर आले ते फावडं घेऊन. अर्धा कान गेला तो त्या दिवशी. आम्ही सगळे समजत होतो की तो स्फोटात गेला.

त्यानंतर ते घरी गेले नाहीत.

बोरीला त्यांनी एक दोर बांधला होता. पॅकिंगमधल्या पेंढ्याचा पीळ घालून स्वतः वळलेला, आणि त्याला घड्या घातलेले पांढऱ्या कागदाचे तुकडे लटकवलेले. हा दोर मी पाहिला तो थोडेच दिवस. डोंगरापलीकडच्या वस्तीवरचे सालेमबाबा आपल्या शेळ्या त्या पाण्यावर आणायचे. पांढरी दाढी, हातात काठी. मुंबईला लाकडी जहाजातून खजूर घेऊन गेलेला जुना माणूस, त्यामुळे हिंदी बोलायचे. त्यांनी तो दोर पाहिला आणि काठीनेच तो खाली ओढायला लागले.

फांदी तोडली म्हणून माणूस रक्तबंबाळ करणारे कुरोदासान धावत आले आणि त्यांच्यासमोर थबकले.

"ये झाड अल्ला का," सालेमबाबा म्हणाले. "पानी भी अल्ला का. इस पर रस्सी नहीं. हराम."

"आपका बाप भी इधर बकरी लाया?" कुरोदासानांनी विचारलं.

"बाप भी. उसका बाप भी."

कुरोदासान कमरेत वाकले. खिशातून चाकू काढून त्यांनी स्वतःच दोर कापला, कागद गोळा केले आणि खिशात घातले. पुन्हा कधी बांधला नाही. फक्त रोज सकाळी झावळीच्या खराट्याने झाडाखालची जागा झाडत राहिले. सालेमबाबा त्यांच्यासाठी कधी ताक आणायचे, कधी खजूर. दोघं सावलीत बसायचे. एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसरा फारसं बोलत नव्हता, त्यामुळे त्यांचं बरं जमायचं.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये खालच्या कड्यातला चांगला दगड संपत आला. मी मोजमाप घेऊन नकाशा काढला. उत्तम दगड कुठे आहे ते त्या नकाशावर स्पष्ट दिसत होतं. बरोबर बोरीखाली. नकाशा माझ्या हातचा होता, हे मी आजवर फार जणांना सांगितलेलं नाही.

मॅनेजर हॅरिस उंच, लालबुंद गोरा माणूस. बांधाचं काम मागे पडलेलं, वरून रोज फोन. त्याने कुरोदासानांना बोलावून नकाशावर बोट ठेवलं. कुरोदासान म्हणाले, "नो." त्याने पुन्हा समजावलं. ते पुन्हा म्हणाले, "नो." तिसऱ्यांदा हॅरिस म्हणाला, एका झाडासाठी मी साडेतीनशे माणसं बसवून ठेवू का? त्यावर कुरोदासानांनी टेबल उचलून उलटं केलं. हॅरिसने त्यांना खाणीवर यायला बंदी केली आणि कॅम्पातल्या खोलीत बसायला सांगितलं.

मग त्याने सदानंदला बोलावलं. हे मला सदानंदनेच नंतर सांगितलं. हॅरिस म्हणाला, तुला सगळं येतं, मी बघितलंय. भोकं भर, उडव. जमलं तर तुला ब्लास्टर करतो. नाही जमत म्हणालास तर परवाचं तिकीट तयार आहे.

त्या रात्री सदानंद माझ्या खोलीत आला. "सावंतानू, काय करू?"

मी म्हणालो, "करोडासाबना जाऊन विचार."

"ते मारतील."

"मग मार खा."

तो गेला नाही. आणि मीही त्याला हाताला धरून घेऊन गेलो नाही. शेजारचीच खोली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुरोदासानांबरोबर कॅम्पात होतो. परवानगीच्या कागदावर ब्लास्टर म्हणून नाव अजून त्यांचंच होतं. वर काय चाललंय ते त्यांना माहीत नव्हतं, मला होतं. ते वाडग्यातून भात खात होते. सायरन वाजला तो त्यांना ऐकू आला नाही. मग जमीन हादरली. त्यांनी काड्या खाली ठेवल्या, तळहात फरशीवर टेकवला आणि डोळे मिटून बोटांवर हादरे मोजू लागले. थांबले.

"आधा," ते म्हणाले. "आधा गया. आधा अंदर है."

आणि तसेच अनवाणी पळत सुटले. मी पिकअप काढून त्यांना वाटेत गाठलं. ते गाडीत चढले आणि चढता चढता त्यांनी मला कानफटात मारली. कळलं होतं त्यांना.

वर पोचलो तेव्हा धुरळा खाली बसत होता. चाळीस भोकांपैकी निम्मीच उडाली होती. पहिल्या स्फोटाच्या दगडांनी पुढची तार तुटली होती. अशा वेळी थांबायचं असतं, कुणी जवळ जायचं नसतं. पण हॅरिस वायरलेसवर 'जा, तार जोड' म्हणून ओरडला होता, ते मी पिकअपमध्ये ऐकलं होतं, आणि सदानंद तार बघायला पुढे गेला होता. सैल झालेल्या कड्यातून एक धोंडा सुटला होता. सदानंदचा उजवा हात कोपरापासून खाली त्या धोंड्याखाली सापडला होता. पठाणांनी पहारी लावून तो कसाबसा बाहेर काढला होता. हात म्हणण्यासारखं त्यात काही राहिलं नव्हतं.

कुरोदासान त्याच्यापाशी गेले. वाकले. आणि त्याच्या तोंडात खाडकन एक ठेवून दिली. एक पठाण त्यांच्या अंगावर धावून गेला. तोवर त्यांनी स्वतःचा शर्ट काढून टरटरा फाडला होता आणि ते सदानंदच्या दंडाला आवळपट्टी बांधत होते. ती बांधताना दातांनी गाठ ओढत होते. सदानंद रडत म्हणत होता, "साब, मैंने काटा. फिर से मैंने काटा."

"चुप," कुरोदासान म्हणाले. "चुप. साँस ले."

त्याला गाडीत घालून हॉस्पिटलात पाठवलं. कुरोदासान वळले.

बोर अजून उभी होती. एका बाजूची मुळं उघडी पडली होती आणि अर्धा बुंधा उभा चिरला होता. डबकं दगडांनी भरलं होतं. आणि तिच्या भोवती वीस भोकं बारुदाने भरलेली, जिवंत. ती तशी सोडता येत नव्हती. उद्या कुणाचं मशीन त्यावर आदळलं असतं तर चिंधड्या झाल्या असत्या. मशीन चालवणारी माणसं आमचीच होती. ती भोकं पुन्हा जोडून उडवणं दुसऱ्या कुणाला जमणारं नव्हतं.

त्यांनी सगळ्यांना अर्धा किलोमीटर मागे घालवलं. मी दुर्बिणीतून बघत होतो. हाताला, छातीला सदानंदचं रक्त, कमरेवर उघडे. ते एकेका भोकापाशी ओणवे होऊन, बोटांनी चाचपत, नव्या तारा जोडत गेले. दोन तास लागले. मग ते झाडासमोर उभे राहिले. मीठ नव्हतं, तांदूळ नव्हते. रक्ताने माखलेल्या अंगाने तिथे उभं राहणं म्हणजे त्यांच्या लेखी काय होतं ते मला माहीत होतं. ते मोठमोठ्याने बोलत होते. शब्द ऐकू येत नव्हते. नुसता घशाचा आवाज डोंगरावर आपटून येत होता.

मग ते मागे आले, बटण हातात घेतलं, आणि दाबलं.

शॉट एकदम बरोबर गेला. झाड क्षणभर सबंध उचललं गेलं, मुळांसकट, आणि मग त्या जागी नुसती माती होती.

"काय बोललात त्याला?" मी विचारलं.

"बोला, मैं तोड़ रहा. बोला, तुम जाओ. दूसरा घर देखो." थोड्या वेळाने म्हणाले, "मालूम नहीं, गया कि नहीं गया."

संध्याकाळी सालेमबाबा शेळ्या घेऊन आले. शेळ्या सवयीने वळणापर्यंत गेल्या आणि ओरडत उभ्या राहिल्या. कुरोदासान सालेमबाबांपुढे जाऊन जमिनीला कपाळ लावून वाकले. म्हाताऱ्याने काठी उचलली आणि त्यांच्या उघड्या पाठीवर मारली. एकदा, दोनदा, मोजून पाच वेळा. कुरोदासान हलले नाहीत. सहाव्या वेळी काठी वर गेली आणि तशीच राहिली. म्हातारा ती टेकून खाली बसला. मग सालेमबाबांनी आपल्या खांद्यावरचं कापड काढून त्यांच्या पाठीवर टाकलं आणि शेळ्या हाकत निघून गेले. पुन्हा ते खाणीकडे दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॅरिसने कुरोदासानांपुढे एक कागद ठेवला. सदानंद गुरवने परवानगीशिवाय, स्वतःच्या मर्जीने सुरुंग लावले, असा मजकूर होता. खाली सही हवी होती. मी तिथेच होतो, माझीही साक्षीदार म्हणून हवी होती. कुरोदासानांनी मला कागद वाचून दाखवायला लावला. दोनदा. मग टेबलाला वळसा घालून गेले आणि हॅरिसला मारायला सुरुवात केली. एवढ्या महिन्यांत त्यांची मारामारी मी कितीदा पाहिली होती, पण ती आरडाओरड्याची असायची. या वेळी तोंडातून अक्षर निघालं नाही. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. चार जणांनी ओढूनही ते सुटेनात. सुटले तेव्हा सरळ दाराबाहेर पडले आणि उतारावरून चालत खाली गेले.

पोलिसांना त्यांनी सांगितलं की दोन्ही शॉट माझेच, परवाना माझा, जबाबदारी माझी, गुरव माझ्या हुकुमावर गेला. मी सही केली नाही, आणि वायरलेसवर काय ऐकलं ते सांगितलं. माझी नोकरी गेली, हॅरिसचीही गेली. सदानंदवर केस झाली नाही, त्याला भरपाई मिळाली आणि तो गावी गेला. तिथे त्याने काय केलं, डाव्या हाताने कसा संसार चालवला, त्याची वेगळी गोष्ट आहे. कुरोदासानांना काही महिने तुरुंग झाला आणि मग देशाबाहेर पाठवलं, एवढंच कळलं. ते जपानला गेले की आणखी कुठे, कोण जाणे. पत्ता मागायचं मला सुचलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच सकाळी, हॅरिसला मारून ते खाली गेले तेव्हा. मी पिकअप घेऊन शोधत शोधत किनाऱ्यावर पोचलो. ते समुद्रात होते. पँटसकट छातीभर पाण्यात, किनाऱ्याकडे पाठ करून. लाट आली की पूर्ण खाली जायचे आणि बऱ्याच वेळाने वर यायचे. पाठीवरचे पाच वळ लांबूनही दिसत होते. पोलिसांची जीप आली. एक तरुण पोलीस बूट काढून पाण्यात उतरायला लागला, तर त्याच्या वयस्कर साहेबाने त्याला हाताने थांबवलं.

"क्या करता वो?" साहेबाने मला विचारलं.

मी म्हणालो, "धोता है."

जीपच्या बॉनेटला टेकून तो उभा राहिला. आम्ही तिघं उन्हात उभे होतो, अर्धा तास तरी. कुरोदासान खाली जात होते, वर येत होते. हाताने छाती घासत होते, पुन्हा पुन्हा, जिथे आता रक्ताचा टिपूसही नव्हता.